नेपाळच्या घुमटाखालचा गॅस
(जैवऊर्जेची जगयात्रा : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण परिषदा आणि करारांच्या गावी होतो. आज थेट खड्ड्यात उतरू.

नेपाळमधला पहिला गोबरगॅस १९५५ मध्ये तयार झाला. काठमांडू खोऱ्यातल्या गोदावरी इथल्या सेंट झेवियर्स शाळेत फादर सोबोल यांनी तो तेलाच्या जुन्या पिंपात केला होता. सत्तरच्या दशकात सरकारने बिनव्याजी कर्ज दिलं आणि भारतातून खादी ग्रामोद्योग आयोगाचा नमुना आला, लोखंडी तरंगत्या टाकीचा. पण ती टाकी डोंगरावर न्यायची कशी? शिवाय गंज चढतो तो वेगळाच. मग नेपाळी तंत्रज्ञांनी चिनी धर्तीचा, जमिनीखालचा पक्का घुमट उचलला आणि आपल्या गवंड्यांच्या हाताला बसेल असा करून घेतला. १९९० च्या या नमुन्याचं नाव 'जीजीसी २०४७'. आकडा अर्थात विक्रम संवताचा.

बांधायची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. खड्ड्यात गोल भिंत उभी करायची, आत माती भरून तिला घुमटाचा आकार द्यायचा आणि वर काँक्रीट ओतायचं. ते पक्कं झालं की भोकातून उतरून सगळी माती उपसायची. मग आतून गिलाव्याचे थर आणि रंग, कारण एवढीशी चीर राहिली तरी गॅस पळालाच. सहा घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ३६ किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून घालावं लागतं.

इथे परदेशी पैसा आला. १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या एसएनव्ही संस्थेच्या साथीने बायोगॅस सहाय्य कार्यक्रम सुरू झाला, १९९७ पासून जर्मनीची केएफडब्ल्यू बँकही उतरली. त्यांनी अनुदान दिलं, पण माझ्या मते खरी कमाल अनुदानाची नव्हे, त्याला जोडलेल्या अटींची. नमुना एकच ठेवला. बांधणाऱ्या कंपनीने काही वर्षांची हमी द्यायची, तपासनीस मधूनच जाऊन संयंत्रं बघणार, काम कच्चं निघालं तर दंड. दुर्गम भागाला अनुदान जास्त. आपल्याकडे उद्घाटनानंतर ओसाड पडलेल्या टाक्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यातलं मर्म सांगायला नको.

दोन लाखांहून जास्त संयंत्रं उभी राहिली. संडास जोडायला लोक आधी कचरत. हळूहळू पुष्कळ घरांनी जोडले. (आपल्या देहूत डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी हेच पटवण्यात उमेद घालवली.) २००५ च्या अखेरीस क्योटो कराराखाली यातले पहिले प्रकल्प नोंदले गेले आणि जागतिक बँकेच्या निधीने त्यांची कार्बनबचत विकत घेतली. चुलीचं सरपण वाचलं, त्याचा हिशेब परदेशी ताळेबंदात गेला.

दोन गोष्टी मात्र सुटल्या नाहीत. थंडीत शेण कुजणं मंदावतं, त्यामुळे उंचावरच्या गावांत हिवाळ्यात गॅस तोकडा पडतो. आणि ज्याच्या दारात गुरं नाहीत, त्याच्यासाठी या योजनेत काहीच नव्हतं.

पुढच्या लेखांकात ब्राझीलचा ऊस.