मोटार उचलतांना

मोटारीचें चाक बदलणें हें काम आतां कित्येक कुटुंबांत घरच्या घरींच होतें. कांहीं हौशी गृहस्थ याच्याहि पुढें जाऊन इंजिनांतील तेल बदलणें, ब्रेकचे पॅड पाहणें, खालून गळती कोठें होते तें शोधणें अशीं कामें रविवारीं अंगणांत करूं लागतात. ही हौस स्तुत्य आहे. परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं एक गोष्ट नीट उमगली पाहिजे. ती म्हणजे गाडी वर कशी जाते, आणि वर गेलेली गाडी तेथें कशाच्या आधारानें राहते. अगदीं लहान मोटारीचें वजनहि सात-आठशें किलोग्रॅम भरतें. मोठीचें दीड-दोन हजारांवर जातें. त्यांतला एक चतुर्थांश भार जरी माणसाच्या छातीवर आला, तरी हाड मोडो वा न मोडो, श्वास थांबतो. कारण छातीला फुगावयास जागाच उरत नाहीं. मग मदतीला अवधि मिळतो तो अवघ्या कांहीं मिनिटांचा.

गाडीबरोबर मिळणारा जॅक बहुधा कात्रीच्या आकाराचा असतो. त्याचें सारें मर्म मळसूत्रांत आहे. हँडलचा एक फेरा पुरा होतो तेव्हां हात जवळजवळ मीटरभर अंतर चालून जातो, आणि मळसूत्र मात्र दोन-तीन मिलिमीटरच पुढें सरकतें. या तफावतीच्या बळावर एक माणूस मोटार उचलूं शकतो. पुष्कळशी शक्ति घर्षणांत खर्च होते खरी, पण तेंच घर्षण उपकारकहि ठरतें. हात सोडला तरी मळसूत्र आपोआप उलटें फिरत नाहीं. एवढ्यावरून हा जॅक भरंवशाचा वाटतो. त्याचा दोष आट्यांत नसून बैठकींत आहे. ती वीतभरहि रुंद नसते. शिवाय एका बाजूनें उचललेली गाडी सरळ वर जात नाहीं. पलीकडच्या चाकांवर टेकून ती कलते, आणि जॅकचें डोकें आपल्याबरोबर किंचित् आडवें ओढून नेतें. अशा स्थितींत कोणी घट्ट बसलेल्या नटाला जोराचा हिसका दिला तर जॅक आडवा होण्यास वेळ लागत नाहीं. म्हणूनच चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच पाव फेरा सैल करून घ्यावयाचे असतात. हा जॅक चाक बदलण्यापुरताच आहे व त्यावर उचललेल्या गाडीखालीं जाऊं नये, असें गाडीच्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. तें वाचण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात.

गॅरेजांत दिसणारा चाकांचा, लांब दांड्याचा जॅक तेलावर चालतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो. त्याचाच उपयोग करून जोसेफ ब्रामा यानें इंग्लंडांत १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. लहान दट्ट्याचा व्यास एक सेंटिमीटर आणि मोठ्याचा तीन असेल तर क्षेत्रफळ नऊपट होतें, म्हणून जोरहि नऊपट. त्यावर दांड्याच्या तरफेची वाढ निराळी. काम सुखाचें होतें यांत शंका नाहीं. पण वर गेलेली गाडी येथें केवळ तेलाच्या स्तंभावर आणि रबराच्या एका कड्यावर तरंगत असते. झडपेंत कचऱ्याचा कण अडकला, रबर झिजलें, किंवा कोणाचा धक्का लागून दांडा फिरला, कीं मोठा दट्ट्या खालीं येऊं लागतो. कधीं हळूहळू, कधीं एकदम. या जॅकला चाकें असतात तीं केवळ ओढून नेण्याच्या सोयीसाठीं नव्हेत. गाडी कलतांना जॅकनें थोडें पुढें सरकून तिच्याशीं जुळवून घ्यावें, हाहि त्यांचा हेतु आहे. इमारतीच्या आवारांतील खडबडीत पेव्हर ब्लॉकच्या फटींत तीं अडकलीं तर डोकें ठरल्या जागेवरून घसरतें.

तेव्हां जॅकचें काम उचलण्याचें. धरून ठेवण्याचें काम स्टँडचें. पोलादी पायांचे असे दोन स्टँड सपाट, कठीण जमिनीवर गाडीच्या नेमक्या आधारस्थानांखालीं ठेवून भार त्यांवर उतरवावा, आणि मगच खालीं शिरावें. हीं आधारस्थानें पुस्तिकेंत दाखविलेलीं असतात. तेलाची टाकी किंवा पातळ पत्र्याचा तळ हीं तीं स्थानें नव्हेत. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर तळालाच बॅटरी बसविलेली असते, त्यामुळें भलत्या ठिकाणीं जॅक लावल्यास तिचें मोठें नुकसान होतें. स्टँड आहे म्हणून डोळे मिटून विश्वासावें असेंहि नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत एका विक्रेत्यानें लक्षावधि स्टँड परत मागविले, कारण त्यांच्या दात्यांत खिटी पुरेशी खोल बसत नव्हती. ज्यांत आरपार खीळ घालतां येते ते स्टँड म्हणून अधिक बरे. भार उतरल्यावर गाडी बाहेरूनच हातानें चांगली हलवून पाहावी. पडावयाची असेल तर ती तेव्हांच पडावी. काढलेलें चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखालीं सरकवून ठेवणें हा बिनखर्चाचा दुसरा पहारा होय.

स्टँडऐवजीं विटा रचण्याची चाल आपल्याकडे फार आहे. तिच्याइतकी घातक काटकसर दुसरी नसेल. वीट भिंतींत सर्व बाजूंनीं भार वांटून घेते. येथें तो एका अरुंद कडेवर एकवटतो, आणि वीट वांकून इशारा देत नाहीं, ती एकदम फुटते. पोकळ सिमेंटी ठोकळ्यांचीहि तीच गत. पावसाळ्यांत ओल्या मातीवर किंवा वैशाखांत तापलेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात. तेथें जाड फळी घालावी, आणि उतारावर हें काम करूंच नये.

हँडब्रेक ओढला म्हणजे गाडी जागची हलत नाहीं, हाहि एक गैरसमज. बहुतेक मोटारींत तो मागच्या चाकांनाच धरतो. मागील बाजू उचलली कीं जमिनीवर राहिलेल्या पुढच्या चाकांना कोणीच धरलेलें नसतें. गाडी गिअरमध्यें ठेवली तरीहि उणीव राहते. इंजिनाशीं जोडलेल्या दोन चाकांपैकीं एक अधांतरीं झालें, तर डिफरन्शिअलच्या दंतचक्रांमुळें तें उलटें फिरूं शकतें आणि जमिनीवरचें दुसरें चाक निसटूं शकतें. म्हणून जीं चाकें जमिनीवर राहतील त्यांना पुढून व मागून लाकडी पाचरी लावाव्यात. दगड लावलाच तर तो गोटा नसावा.

हें काम एकट्यानें करूं नये. घरांतील एखादें जाणतें माणूस, मग ती पत्नी असो वा मुलगी, हांकेच्या अंतरावर असावें, आणि जॅक कसा लावावा व कसा चढवावा तें त्यानें स्वतः एकदां करून पाहिलेलें असावें. अपघात झालाच तर अडकलेल्या माणसाला पाय धरून ओढणें किंवा गाडी सुरू करून मागें घेणें या दोन्ही चुका होतात. जॅक पुन्हां लावून गाडी उचलावी, शेजाऱ्यांना हांक मारावी, ११२ वर फोन करावा. यासाठीं जॅकचा दांडा नेहमीं बाहेर, दिसेल असा ठेवावा.

गाडी उतरवितांना प्रथम हत्यारें व माणसें बाहेर आहेत हें पाहावें. मुलें आणि मांजरें विशेषेंकरून. मग जॅकनें किंचित् वर घेऊन स्टँड काढावेत, आणि झडप अगदीं थोडी उघडून गाडी सावकाश खालीं येऊं द्यावी. नट शेवटीं आवळावेत ते शेजारशेजारचे न घेता समोरासमोरचे घ्यावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हां एकदां तपासावेत.