चान्या, बिबड्या आणि आजीचे शब्द

भुसावळचे ऊन सोसवत नाही, असे आम्ही म्हणतो. पण याच उन्हावर आमच्या आयाआज्यांनी पावसाळ्याची बेगमी केली. भिजवून भरडलेली ज्वारी तीळ, मिरची, मीठ घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर थापून वाळवायची, त्या बिबड्या. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळत घालायच्या, त्या चान्या. मीठ आणि ऊन मिळून मांसातले पाणी काढून घेतात. पाणी नसले की कुजवणारे जंतू वाढत नाहीत. शाळेची पायरी न चढलेल्या बायांना हे शास्त्र पाठ होते.

बिबड्यांची पाकिटे आज दुकानात मिळतात. चान्या हा शब्द मात्र आम्ही पाहुण्यांपुढे काढत नाही, कारण त्याला गावकीच्या लाचारीची आठवण चिकटली आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. समाजाने ते ऐकले, हे योग्यच झाले. पण सोडायची होती ती लाचारी, आजीचे कसब नव्हे.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील असे पदार्थ लिहून ठेवले. आमच्या खानदेशातले आम्हीच लिहायला हवेत. म्हणून बंधूभगिनींनो, या रविवारी विहारातून आल्यावर मुलांना आजीजवळ बसवा. वाळवणे, खारवणे, मुरवणे, सारे तिच्याच बोलीत वहीत उतरवून घ्या. लाज वाटू देऊ नका. जयभीम!