घाट एक, प्रश्न तीन

ज्या घरात दोन-तीन मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात, तिथे आई-बाबांना गणितापेक्षा इतिहास जास्त दमवतो. गणितात प्रत्येकाची पायरी वेगळी असणार, हे सगळ्यांनी मान्य केलेलंच असतं. इतिहासात पाठ्यपुस्तकांच्या क्रमाने जायचं ठरवलं, की एकाच घरात तीन काळ नांदू लागतात. बालभारतीच्या पुस्तकांत चौथीला शिवछत्रपती, सहावीला प्राचीन भारत, आठवीला आधुनिक भारत. म्हणजे सकाळी शिवनेरी, दुपारी सातवाहन आणि संध्याकाळी अठराशे सत्तावन्न. तिघं एकाच टेबलाशी बसतात, पण एकमेकांशी बोलायला विषय नसतो. काही दिवसांतच शिकवणारं माणूस थकतं आणि इतिहास ‘धडा वाच, प्रश्नांची उत्तरं लिही’ एवढ्यावर येतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो मला मनापासून पटलेला आहे. काळ सगळ्यांना एकच ठेवावा, प्रश्न मात्र वयाप्रमाणे बदलावा.

आपल्याकडे हे नवं नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत जोडवर्ग सांभाळणारे गुरुजी आणि बाई एक विषय सगळ्यांसमोर काढतात आणि मग इयत्तेप्रमाणे काम वाटून देतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’मध्ये हाच विचार मांडला: त्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा यावं, दर वेळी अधिक खोलात जावं. जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउर या मायलेकींच्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ (१९९९) या पुस्तकाने गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांना त्याचं वेळापत्रकच दिलं. प्राचीन काळापासून आजपर्यंतचा इतिहास चार वर्षांत, मग पुन्हा पहिल्यापासून. बारा वर्षांत प्रत्येक काळ मुलाला तीनदा भेटतो आणि दर वेळी ते मूल वेगळ्या वयाचं असतं.

नाणेघाटात तिघं

जुन्नरजवळचा नाणेघाट घेऊ. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपारा या बंदरांकडचा माल या वाटेने घाटमाथ्यावर चढत असे. तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे आणि एका लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा प्राकृत भाषेतला, ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण दिले, याचा हा हिशोब सुमारे दोन हजार शंभर वर्षांपूर्वीचा.

सहा-सात वर्षांच्या धाकट्याला राजवट कळत नाही. वाट, ओझं आणि तहान कळते. त्याचा प्रश्न असा: या वाटेने कोण जात होतं, आणि पाणी कुठे पीत होतं? त्याला पाठीवर गोण्या लादलेले बैल रंगवू द्यावेत, टाकी काढू द्यावीत. मग ऐकलेलं सगळं त्याने आपल्या शब्दांत परत सांगावं. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांच्या पद्धतीत या परत सांगण्याला मोठं स्थान होतं. लिहिता न येणाऱ्या मुलाला किती कळलं, हे तपासायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

दहा वर्षांच्या मधलीचा प्रश्न ‘केव्हा’ हा. तिने कागदाची लांब पट्टी करावी. एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. उजवं टोक आजचं. आजोबांचा जन्म सात-आठ सेंटिमीटरवर येतो. शिवरायांचा जन्म, १६३०, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. आणि नागनिकेचा लेख दोन मीटरच्याही पलीकडे, म्हणजे पट्टी टेबलावरून खाली लोंबायला लागते. महाराज आपल्याला जितके जवळ आहेत, त्याच्या चौपटीहून जास्त अंतर त्यांच्यात आणि नागनिकेत आहे, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. तिने लेखातले आकडेही गिरवून पाहावेत. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. अशा आकड्यांत बेरीज मांडायला बसलं, की शून्याची किंमत आपोआप कळते.

चौदा वर्षांच्या मोठ्याला विचारायचं ते ‘आपल्याला हे कशावरून कळलं?’ रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असं घाटात भेटणारा प्रत्येकजण सांगतो. पण राणीचा लेख यज्ञ आणि दानं सांगतो, जकात सांगत नाही. मग मोठ्याने वहीत तीन रकाने आखावेत: कोरलेलं, डोळ्यांना दिसणारं आणि ऐकलेलं. रांजण दुसऱ्या रकान्यात जातो, जकात तिसऱ्यात. त्यामुळे जकातीची गोष्ट खोटी ठरत नाही. तिचा आधार कोणत्या जातीचा आहे, एवढंच स्पष्ट होतं. लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. त्या आता फुटलेल्या आहेत, नावं तेवढी वाचता येतात. विल्यम साइक्स यांनी १८२८मध्ये हे लेणं पाहिलं, जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली आणि गेऑर्ग ब्यूलर यांचं वाचन १८८३मध्ये छापून आलं. इतिहासलेखनाचा धडा दहावीच्या पुस्तकात पहिलाच आहे. त्याची तयारी इथे आधीच होते.

शेवटी तिघांनी पुन्हा एकत्र बसायचं. धाकट्याचे बैल मधलीच्या पट्टीवर चिकटवायचे, मोठ्याने त्याच पट्टीवर १८२८ आणि १८८३च्या खुणा करायच्या. लेख कोरला गेला तिथपासून तो पुन्हा वाचला गेला तिथपर्यंत पावणेदोन मीटरहून जास्त कोरी जागा दिसते. “दादा, एवढे दिवस कोणालाच वाचता येत नव्हतं?” असं धाकट्याने विचारलं, की मोठ्याला लिपी का विसरली गेली, याचा शोध घ्यावा लागतो. हा प्रश्न त्याला कोणत्याही स्वाध्यायात मिळाला नसता.

वगळा, पण खोटं सांगू नका

वयाप्रमाणे बदल करणं म्हणजे फक्त अवघड भाग सोपा करणं नाही. काही भाग क्लेशाचा असतो. तिथे माझा नियम एकच: लहानाला कमी सांगावं, पण पुढे खोडून काढावं लागेल असं काही सांगू नये.

महाडचं चवदार तळं घ्या. धाकट्याला एवढं पुरे: तळं सगळ्या गावाचं होतं, पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना त्यातलं पाणी घेऊ देत नव्हते. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांबरोबर तिथे गेले आणि पाणी प्यायले. यातला शब्दही पुढे बदलावा लागत नाही. मधलीला तारखा द्याव्यात आणि कोडं घालावं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४मध्ये तसा ठराव केला. मग २० मार्च १९२७ का उजाडावा लागला? कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांतलं अंतर दहा वर्षांच्या मुलीला नीट कळतं. मोठ्याने त्यापुढे जावं: पाणी प्यायल्यावर झालेले हल्ले, २५ डिसेंबर १९२७चं मनुस्मृतिदहन, तळं खाजगी मालकीचं असल्याचा सवर्णांचा दावा आणि १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लागलेला निकाल.

‘पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने राहत’ असं गोड काही धाकट्याला सांगितलं, तर चौदाव्या वर्षी त्याला दोन गोष्टी एकदम कळतात: तळ्याचा इतिहास आणि घरच्यांनी केलेली फसवणूक.

रोजच्या व्यवहाराचं

एकत्र बैठक वीस-पंचवीस मिनिटांची पुरते. धाकट्याला नंतर खेळायला सोडावं. मोठ्यांच्या चर्चेत त्याला बसवून ठेवलं, की त्याला इतिहास नकोसा होतो. मोठा दहावीच्या परीक्षेच्या उंबरठ्यावर आला, की त्याचा काही वेळ वेगळा काढावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते आणि तिचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. मूल पुन्हा शाळेत जायचं म्हणालं, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा या वयात त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणून प्रत्येकाची वही, चित्रं आणि तारखांची पट्टी जपून ठेवावी. काय शिकून झालं, हे दाखवायला ती उपयोगी पडते.

शाळेत सारख्या वयाची मुलं एका वर्गात बसतात, त्यामुळे त्यांचे प्रश्नही बरेचसे सारखे असतात. घरात सात, दहा आणि चौदा वर्षांची मुलं शेजारी बसतात. ‘कोण’, ‘केव्हा’ आणि ‘कशावरून’ हे इतिहासाचे तिन्ही प्रश्न तिथे आधीच हजर असतात. आई-बाबांनी ते तीन खोल्यांत वाटून टाकू नयेत. आपल्या गावाजवळचा एखादा घाट, तळं, किल्ला किंवा जुना बाजार निवडावा आणि पुढचा महिनाभर सगळ्यांनी मिळून त्याच एका जागेच्या मागे लागावं.