वॉर्डातले पाहुणे

डॉक्टरकीच्या विषयावर शेतकी खात्यातल्या माणसानं लिहावं याचं तुम्हांला नवल वाटेल. पण आपल्या गावांतली मुलंमुली आता डॉक्टर होऊ लागली आहेत, आणि मागल्या महिन्यात माझ्या पुतणीचा फोन आल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पुतणी एम.बी.बी.एस. झाली. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणी फॅमिली मेडिसिनचा, म्हणजे डी.एन.बी.चा, तीन वर्षांचा अभ्यास करते आहे. हा अभ्यास म्हणजे आपला जुना घरचा डॉक्टर तयार करणं. बाळाच्या लसीपासून आजोबांच्या दम्यापर्यंत सगळं पाहणारा. त्यासाठी मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं, हाडं अशा एकेका विभागात काही काही काळ राबावं लागतं. ती म्हणाली, "काका, कुठल्याच वॉर्डात मी घरची नाही. चार दिवसांची पाहुणी म्हणून रक्ताचे नमुने पोचवायचे आणि डिस्चार्जचे कागद लिहायचे. सोडून द्यावं म्हणते."

मला माझं प्रशिक्षण आठवलं. कृषी विद्यापीठात कपाशीचा तज्ज्ञ वेगळा, भाताचा वेगळा, फळबागेचा वेगळा. सुरुवातीला मी त्यांचं सगळं बोलणं वहीत उतरवून आणी आणि गावात गेलो की त्यातलं निम्मं उपयोगी पडत नसे. पुढं उमजलं, की त्यांच्यासारखं तज्ज्ञ होणं हे माझं काम नव्हे. माझ्या भागातला शेतकरी किडकं बोंड घेऊन समोर उभा राहिला तर त्याला काय सांगायचं, हा एकच प्रश्न खिशात ठेवून तिथं हिंडायचं.

तेच मी तिला सांगितलं. केसपेपर उलटा वाच. हा रोगी इथं पोचला कधी? दुखणं सुरू कधी झालं? मधले तास कुठं गेले, आणि गावात तू असतीस तर काय केलं असतंस?

साप चावलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मि.ली. ताजं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष अंगात भिनलं आहे असं समजावं. या परीक्षेला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पण रक्त गोठलं म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. मण्यार आणि नागाचं विष नसांवर चालतं, ते या नळीत दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, पापण्या जड होतात, अंगावर चाव्याची खूणही धड सापडत नाही. असा एक रोगी तिनं रात्रपाळीला डोळ्यांनी पाहिला, तर आयुष्यभर विसरणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्या खात्याची. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीचा हंगाम आला की कॅज्युअल्टीत असे रोगी येतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, तोंडाला लाळ, घामानं अंग भिजलेलं, छातीत घरघर. ॲट्रोपीन किती द्यायचं आणि कुठं थांबायचं, हे शिकाऊ डॉक्टरानं ज्येष्ठांच्या शेजारी उभं राहून शिकावं. आणि तुम्ही, वाचकहो, रोग्याचे भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली बरोबर न्या. तिच्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणावरून विष किती जहाल ते कळतं, आणि लेबलावर उताराही लिहिलेला असतो. बाटली घरी विसरून आलेले लोक मी पाहिले आहेत. डॉक्टर तरी काय करणार?

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरत. त्यांनी रोग्याच्या खाटेशी बसून नोंदी ठेवल्या. फुप्फुसात पाणी भरून माणूस जातो हे ओळखलं, आणि पुढं रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून कितीतरी जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताशी मोठं इस्पितळ नव्हतं; पाहण्याची सवय होती.

वॉर्डातल्या सिस्टरांशीही गोडीनं राहावं. तान्ह्या बाळाच्या हाताला सलाईन लावणं, अडलेल्या बाईला धीर देणं, हे पुष्कळदा त्यांच्याकडूनच शिकायला मिळतं. डिस्चार्जच्या कागदाला तर मी कमी लेखूच देणार नाही. रोगी घरी गेल्यावर गोळ्या कोण देणार, पथ्य कसं पाळणार, पुन्हा कधी दाखवायचं, हे ज्याला नीट लिहिता आलं तो निम्मा घरचा डॉक्टर झालाच.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. लेक किंवा सून अशा शिक्षणात असेल तर प्रत्येक लग्नाला, जत्रेला तिला बोलावू नका. कॅज्युअल्टीचे दिवस मोजके असतात, एकदा गेले की परत येत नाहीत. "कसली स्पेशालिस्ट होणार गं तू?" हा प्रश्नही बायाबापड्यांनी आवरता घ्यावा.

पुतणीनं अभ्यास सोडला नाही. सध्या ती मुलांच्या वॉर्डात आहे. परवा तिचा पुन्हा फोन आला. जुलाबानं सुकलेल्या पोराच्या आईला मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं कसं पाजायचं, हे शिकवण्यात तिची सबंध दुपार गेली होती.