चिंचेकडचा गोल

अर्जेंटिना हा देश नकाशावर नेमका कोठे आहे, हे आमच्या आईला आजतागायत सांगता येत नाही. पण तो हरला की घरात दोन दिवस भाजीत मीठ कमी पडले तरी कोणी ब्र काढत नाही, एवढे तिला पक्के ठाऊक आहे. अशी अळणी भाजी तिने आम्हांला छत्तीस वर्षे अधूनमधून खाऊ घातली. म्हणून १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री आमच्या घरी जे घडले ते सविस्तर सांगितले पाहिजे. थोडा पाल्हाळ झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. छत्तीस वर्षांचा हिशेब आहे.

कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला कुस्ती आठवते, तांबडा रस्सा आठवतो, फार तर पायांतल्या चपला आठवतात. फुटबॉल आठवत नाही. पण आमच्याकडे ज्या तालमीत लाल माती आहे तिचाच बहुधा फुटबॉलचा संघही असतो, आणि हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर साऱ्या पेठा लोटतात. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांचा सामना असला म्हणजे एका पेठेत सासर आणि दुसरीत माहेर असलेल्या सुनेने त्या दिवशी तोंडातून अक्षर काढू नये, हा शहाणपणाचा मार्ग. आमची सौभाग्यवती शिवाजी पेठेतली आहे. यावर अधिक लिहीत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवसांत तर आम्ही रिक्षावाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळेच त्याचे मामा-काका झालो होतो.

आमचे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी पेठेतल्या तालमीचे गोलकीपर. पुढे सरकारी कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले; पण आजही कोणी ओळख करून देताना 'निवृत्त हेडक्लार्क' म्हटले की त्यांचा चेहरा पडतो.

आता, गोलकीपर असलेल्या माणसाने अर्जेंटिनाच्या नादी का लागावे? कारण १९८६. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मेक्सिकोतले सामने दूरदर्शनवर दिसू लागले होते आणि गल्लीत एकच टी. व्ही. होता, तोही काळापांढरा. २२ जूनच्या रात्री साडेअकराला अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा सामना सुरू झाला. खोलीत तीसएक माणसे बसली असतील. मॅराडोनाने उडी मारली, चेंडू जाळ्यात गेला, आणि खोलीत एकच गिल्ला झाला. त्या गिल्ल्यात आबा एकटे ओरडत होते, "हात! हात लावला त्यानं!" पंचाला जे दिसले नाही ते आमच्या आबांना कोल्हापुरात बसून दिसले. जातिवंत गोलकीपर तो. इंग्लंडच्या शिल्टनवर झालेला अन्याय त्यांना स्वतःवर झाल्यासारखा लागला. ते उठून निघालेच होते. पण चारच मिनिटांनी तोच मॅराडोना आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला, एकामागून एक माणसे मागे टाकीत गेला, शेवटी शिल्टनलाही चकवले. आबा दारातच उभे राहिले. घरी येताना म्हणाले, "पहिला गोल चोरीचा. पण दुसऱ्यात लेकानं व्याजासकट फेडलं." पुढच्या रविवारी पश्चिम जर्मनीला ३-२ असे हरवून अर्जेंटिना विश्वविजेता झाला, तोवर आमचे घर त्यांच्या पक्षात गेले होते. समोरच्या घराने, आम्ही अर्जेंटिनाचे म्हणून, ब्राझील धरला. कोल्हापुरात पक्ष असाच ठरतो.

त्यानंतर सुरू झाले ते वाट पाहणे. १९९० साली रोमच्या अंतिम सामन्यात पाच मिनिटे उरली असताना जर्मनांनी पेनल्टीवर हरवले. १९९४ मध्ये मॅराडोना उत्तेजक औषधात सापडून स्पर्धेबाहेर गेला. त्या आठवड्यात आबा कचेरीतही कोणाशी बोलले नाहीत. आणि त्याच वर्षी ब्राझील जिंकला! समोरच्या घरातून पेढे आले. २००२ साली आम्ही पहिल्याच फेरीत गारद, ब्राझील पुन्हा विजेता, पुन्हा पेढे. आईने ते देवापुढे ठेवले आणि आबांनी एकही खाल्ला नाही. २००६, २०१०, दोन्ही वेळा जर्मनी. या जर्मनांचे आम्ही काय घोडे मारले होते, कोण जाणे.

२०१४ ची गोष्ट मात्र निराळी. तोवर आबांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो, आणि गेलेली नजर परत आणणारे औषध अजून निघालेले नाही. आबा टी. व्ही. च्या अगदी नाकाशी स्टूल घेऊन बसले होते. रिओतला अंतिम सामना, पुन्हा जर्मनी, आणि आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आलेले. जादा वेळेतली सात मिनिटे उरली असताना ग्योत्झेने चेंडू छातीवर घेतला आणि खाली पडू न देता डाव्या पायाने गोल मारला. एक-शून्य. आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तो शेवटचा गोल. दोन वर्षांत उजेड-अंधाराचा भेद तेवढा उरला. गोलकीपरच्या नशिबी शेवटचे दृश्य यावे ते हे!

कोणी म्हणेल, परक्या देशासाठी एवढे जिवाला लावून घ्यायचे कारण काय? माझे सासरे हा प्रश्न दर चार वर्षांनी विचारतात. मी त्यांना केरळ दाखवतो. तेथे कोळिकोडजवळच्या नदीत २०२२ साली लोकांनी मेस्सीची भलीमोठी आकृती उभी केली होती. बांगलादेशात तर अर्जेंटिनाचे सामने पाहायला रात्री-अपरात्री मैदाने भरली. त्या माणसांचे प्रेम पाहून तिकडचे लोक इतके चकित झाले, की १९७८ पासून बंद असलेली ढाक्यातली वकिलात अर्जेंटिनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडली. राजकारण्यांना चव्वेचाळीस वर्षांत जे सुचले नाही ते एका चेंडूने केले. सासरे म्हणतात, "त्याला व्यापार कारण असेल." असेलही. व्यापाराला तरी निमित्त लागतेच की.

असो. आबांची नजर गेल्यावर प्रश्न आला तो सामना 'पाहण्याचा'. टी. व्ही. वरचे निवेदक आबांच्या काही उपयोगाचे नाहीत. पाहणाऱ्याला चेंडू दिसतोच आहे असे धरून ते खेळाडूच्या बालपणाच्या गोष्टी सांगत बसतात. रेडिओवर ऐकून वाढलेल्या माणसाला चेंडू कोठे आहे ते आधी हवे असते. म्हणून ते काम माझ्याकडे आले. प्रारंभी मी "डावीकडून उजवीकडे" असे सांगू लागलो, तेव्हा आबा चिडले. "डावीकडं म्हंजे कुणाच्या डावीकडं? माझ्या, का तुझ्या, का त्या पंचाच्या?" मग त्यांनीच तोड काढली. त्यांच्या तरुणपणी तालमीचा संघ ज्या मोकळ्या पटांगणात सराव करी, त्याच्या एका अंगाला देऊळ आणि दुसऱ्या अंगाला चिंचेचे झाड होते. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक मैदानाला आमच्या घरी एक 'देवळाकडचा' गोल आणि एक 'चिंचेकडचा' गोल असतो. २०२१ च्या जुलैत कोपा अमेरिकेचा अंतिम सामना पहाटे साडेपाचला होता. त्यात डि मारियाने ब्राझीलविरुद्ध गोल मारला तो चिंचेकडे. अठ्ठावीस वर्षांनी अर्जेंटिनाला मोठा चषक मिळाला. पण आबा समाधानी नव्हते. "ही तालुक्याची कुस्ती झाली," ते म्हणाले. "हिंदकेसरी राहिली."

२०२२ च्या नोव्हेंबरात कतारमध्ये विश्वचषक सुरू झाला. पहिलाच सामना सौदी अरेबियाशी. छत्तीस सामने न हरलेला आपला संघ, समोर सौदी; मी शाळेतून अर्धी रजा काढून आलो होतो. २-१ असे हरलो! आईने न विचारता रात्री पिठले केले. वास्तविक त्या पराभवाने संघ सुधारला असे मला वाटते. स्कालोनी या प्रशिक्षकाने पुढे एन्झो फर्नांडेझ, आल्वारेझ अशा तरुण पोरांना पुढे आणले आणि खेळाला धार आली. मेक्सिको, पोलंड, ऑस्ट्रेलिया झाले. ९ डिसेंबरच्या रात्री आधी ब्राझील क्रोएशियाकडून टायब्रेकरवर हरला. मग मध्यरात्रीनंतर आमचा नेदरलँड्सशी सामना झाला. दोन गोलांची आघाडी त्यांनी अगदी शेवटच्या क्षणी फेडली, आणि आम्हीही टायब्रेकरवर जाऊन कसेबसे वाचलो. दुसऱ्या दिवशी समोरचे ब्राझीलवाले काका आले आणि म्हणाले, "अंतिम सामना तुमच्याकडंच बघतो. आमच्या घरी सुतक आहे."

तो रविवार उजाडला. आबांचे वय ८४, रक्तदाबाचा विकार. डॉक्टरांनी उत्तेजित होऊ देऊ नका म्हणून बजावलेले. सौभाग्यवतीने गोळी, पाण्याचा तांब्या आणि रक्तदाबाचे यंत्र आबांच्या खुर्चीपाशी मांडून ठेवले होते. साडेआठला सामना सुरू झाला. तेविसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, गोल. छत्तिसाव्याला मेस्सीकडून आल्वारेझ, आल्वारेझकडून मॅकअ‍ॅलिस्टर, त्याच्याकडून डि मारिया... माझे बोलणे चेंडूच्या मागे पडले. मी मॅकअ‍ॅलिस्टरचे नाव घेत होतो तोवर चेंडू चिंचेकडच्या जाळ्यात होता आणि काका खुर्चीवरून उठले होते. "नीट सांग, नीट सांग," आबा म्हणत होते. मी ती चाल तीनदा सांगितली.

८० व्या मिनिटापर्यंत फ्रान्सचे काही चालेना. आई पुरणाच्या डाळीचा अंदाज घेऊ लागली होती. आणि मग एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल मारले. दुसरा गोल झाला तेव्हा माझा आवाजच बंद झाला. खोलीत सगळे गप्प. आबांना काहीच दिसत नव्हते. त्यांनी त्या शांततेवरूनच ओळखले. "बरोबरी झाली?" त्यांनी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "मग बोल की. बरोबरी म्हंजे हार न्हवं."

जादा वेळेत मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बापेची पेनल्टी, ३-३. आणि शेवटचे काही क्षण उरले असताना फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा सुटला. पुढे फक्त गोलकीपर. मी ओरडलो, "एकटाच आहे, आबा!" आबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि म्हणाले, "पुढं ये, पाय पसर!" मार्टिनेझने डावा पाय पसरला. चेंडू त्याला लागून अडला. हे मी जसे घडले तसे लिहीत आहे; घरातले चार जण साक्षीला आहेत. सौभाग्यवतीने यंत्र उचलले, आबांनी हात काढून घेतला.

टायब्रेकर म्हणजे गोलकीपरचे राज्य. मेस्सीने गोल मारला, कोमानचा फटका मार्टिनेझने अडवला. चुआमेनी पुढे आला तेव्हा मार्टिनेझने त्याच्या हाती चेंडू न देता लांब फेकून दिला आणि त्याला आणायला लावला. त्या पोराने मग बाहेर मारला. हे ऐकून आबा इतके हसले की ठसका लागला. त्यांच्या काळीही असल्या खोड्या चालत. पुढे २०२३ मध्ये नियमावलीत गोलकीपरच्या अशा चाळ्यांना बंदी आली. ती योग्यच आहे, पण आबांना तो त्यांच्या जमातीवरचा अन्याय वाटतो. शेवटी मोंतिएलचा गोल झाला आणि ४-२ असा निकाल लागला. माझ्या तोंडून काय शब्द निघाले ते मला आठवत नाहीत. आबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होते. मग म्हणाले, "एकदा सरळ सांग. जिंकलो?"

"जिंकलो, आबा."

रात्रीचे साडेअकरा होत आले होते. बाहेर फटाके सुरू झाले. आबा म्हणाले, मला चौकात न्या. आईने विरोध केला, सौभाग्यवतीने विरोध केला. शेवटी काकांनीच, म्हणजे ब्राझीलने, आपली रिक्षा काढली. चौकात निळ्यापांढऱ्या झेंड्यांची दाटी, हलगी कडाडत होती, पोरे अंगातले सदरे काढून नाचत होती. तिकडे ब्वेनोस आयरेसला दोन दिवसांनी लाखो लोक रस्त्यावर आले, खेळाडूंची बस पुढे सरकेना, शेवटी त्यांना हेलिकॉप्टरमध्ये बसवावे लागले. आमची मिरवणूक एका रिक्षेची. ती मात्र नीट पार पडली. कोणीतरी आबांच्या डोक्याला झेंडा बांधला, तोंडात साखर घातली. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरी पेढे गेले, एक किलो, दोन वेळचे मिळून.

पुढे आठ दिवस आबांनी दारी येणाऱ्या प्रत्येकाला त्या अडवलेल्या चेंडूबद्दल विचारले. दूधवाला, गॅसवाला, पुण्याहून आलेली नात, सगळ्यांच्या जबान्या झाल्या. पाय डावा की उजवा, गुडघा वाकलेला की सरळ, मार्टिनेझ किती पावले पुढे आला. दूधवाल्याने उजवा पाय सांगितला तेव्हा आबांनी त्याला उंबऱ्यावर बसवले, आणि मला हाक मारून ती चाल पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली.