दुर्बीण घेताय? आधी व्यास विचारा

खोक्यावर '५२५ पट मोठं दिसेल' असं छापलेली ६० मिमीची दुर्बीण कृपया घेऊ नका! समोरच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धन उपयोगी पडतं. म्हणजे इथे १२० पट. त्यापुढे गुरू नुसता मोठा आणि पुसट होत जातो. माझं मत विचाराल तर आधी १०×५० ची द्विनेत्री घ्या. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, सगळं तिच्यात सापडतं. पुढे ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण.

आकाशाच्या फोटोसाठी साधा डीएसएलआर, १८ मिमी लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि १५ सेकंदांचं एक्स्पोजर पुरेत. नंतर खर्च वाढवलात, तर पहिला पैसा माउंटवर घाला.

या सामानाचा आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. भिंग टॉर्चसमोर तिरपं धरा. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की बुरशी लागली समजा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. दव पडलेली नळी पुसून लगेच बंद करू नका, आधी वाळू द्या.

विमा? घराच्या पॉलिसीत घरातली चोरी असू शकते, पण आकाश बघायला गेल्यावर वांगणीच्या माळावर आपटलेला कॅमेरा बहुधा नसतो. बाहेर नेण्याच्या सामानासाठी 'ऑल रिस्क' कव्हर मिळतं का, ते विचारा. बुरशी आणि झीज सहसा वगळलेली असते. बिलं आणि सिरियल नंबरचे फोटो मात्र आजच काढून ठेवा.