बारा महिन्यांचा मुष्टियोद्धा

महाराष्ट्र केसरीची गदा कोणाच्या खांद्यावर जाणार, हे शेवटी आखाड्यातच ठरते. माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात, एक जण चीतपट होतो किंवा गुणांवर हरतो आणि वाद मिटतो. निदान मिटायला हवा. व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या ‘फायटर ऑफ द इयर’ या मानाला असा आखाडाच नाही. नॅट फ्लाइशर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेले ‘द रिंग’ हे अमेरिकन मासिक १९२८ पासून तो देत आले आहे आणि पहिला मानकरी होता जीन टनी. अमेरिकेतल्या बॉक्सिंग लेखकांच्या संघटनेचा स्वतंत्र पुरस्कार १९३८ पासून आहे. तो आज शुगर रे रॉबिन्सनच्या नावाने दिला जातो. दोन्हीकडे निवाडा ठोशांनी होत नाही, लेखणीने होतो. उमेदवार बहुधा एकमेकांशी कधीच लढणार नसतात, कारण एक पंचावन्न किलोंचा असतो आणि दुसरा सदुसष्ट किलोंचा. अशा दोघांची तुलना करायची तर आधी फूटपट्टी कोणती, ते ठरवावे लागते, आणि खरा वाद तिथेच असतो.

२०२३ हे या वादाचे अलीकडचे सर्वांत चांगले उदाहरण. २५ जुलैला टोकियोच्या आरिआके अरेनामध्ये जपानच्या नाओया इनोउएने अमेरिकेच्या स्टीफन फुल्टनला आठव्या फेरीत संपवले. फुल्टन तोवर अपराजित होता आणि १२२ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५५.३ किलोंच्या गटात चार जागतिक संघटनांच्या चार पट्ट्यांपैकी दोन त्याच्याकडे होते. चारच दिवसांनी, २९ जुलैला, लास व्हेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरल स्पेन्स हे १४७ पौंडांच्या गटातले दोन अपराजित विजेते एकदाचे भिडले. वर्षानुवर्षे नुसत्या वाटाघाटींत अडकलेली ही लढत बरोबरीची होईल, असा बहुतेकांचा होरा होता. तसे काहीच झाले नाही. पहिली फेरी स्पेन्सने पुढे सरकत खेळली. दुसऱ्या फेरीत तो जमिनीवर होता. सातव्या फेरीत तो आणखी दोनदा पडला आणि नवव्या फेरीत पंच हार्वे डॉक यांनी लढत थांबवली. पुढे येणाऱ्या माणसाला त्याच्याच वेगाने मार खायला लावण्याची कला क्रॉफर्डने त्या रात्री जवळजवळ निर्दोष सादर केली. चार पट्ट्यांच्या जमान्यात दोन वजनगटांत निर्विवाद, म्हणजे चारही पट्टे असलेला, विजेता झालेला तो पहिला पुरुष ठरला. १४० पौंडांत तो मान त्याने २०१७ मध्येच मिळवला होता. पाच महिन्यांनी, २६ डिसेंबरला, त्याच आरिआके अरेनात इनोउएने फिलिपिन्सच्या मार्लन टापालेसला दहाव्या फेरीत बाद करून उरलेले दोन पट्टे घेतले. ११८ पौंडांचे चारही पट्टे त्याने डिसेंबर २०२२ मध्येच जिंकलेले होते. म्हणजे क्रॉफर्डच्या पंक्तीत वर्ष संपायच्या आत दुसरे पान मांडले गेले.

‘द रिंग’ने आणि लेखकांच्या संघटनेनेही २०२३ चा मान इनोउएला दिला. दोन्ही ठिकाणी हा मान मिळवणारा तो पहिला जपानी. क्रॉफर्डच्या चाहत्यांना हा अन्याय वाटला आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही: ‘द रिंग’च्याच वजननिरपेक्ष क्रमवारीत क्रॉफर्ड पहिला आणि इनोउए दुसरा होता. पहिल्या क्रमांकाचा माणूस वर्षाचा मुष्टियोद्धा नाही, हे कसे? माझ्या मते ते अगदी बरोबर आहे. क्रमवारी माणूस किती मोठा आहे ते सांगते आणि त्यात त्याची सगळी कारकीर्द धरलेली असते. वर्षातली सर्वोत्तम लढत, सर्वोत्तम नॉकआउट यांचे मान वेगळे आहेतच. या पुरस्काराच्या वाट्याला उरते ते अंतर: १ जानेवारीला हा माणूस कुठे उभा होता, ३१ डिसेंबरला कुठे पोचला आणि वाटेत त्याला कोणी अडवले. २०२३ च्या सुरुवातीला क्रॉफर्डकडे त्याच्या गटातला एक पट्टा होता. त्याने एका रात्रीत एका माणसाकडून तीन घेतले, पैकी आयबीएफ या संघटनेचा नोव्हेंबरमध्ये काढूनही घेतला गेला. इनोउएने जानेवारीत ११८ पौंडांचे चारही पट्टे सोडले. नव्या गटात त्याच्याकडे काहीच नव्हते. वर्ष संपताना तिथले चारही पट्टे त्याचे होते, तेही दोन वेगवेगळ्या विजेत्यांकडून आणि दोन्ही वेळा परीक्षकांच्या कार्डांची गरज न पडता.

‘द रिंग’चा स्वतःचा इतिहासही एका फूटपट्टीवर चाललेला नाही. १९८५ मध्ये मार्व्हिन हॅग्लर वर्षभरात एकदाच लढला. पण ती एप्रिलमधली थॉमस हर्न्सविरुद्धची तीन फेऱ्यांची लढत अशी होती, की बॉक्सिंगवर बोलणारे आजही तिचे नाव घेतात. त्याच वर्षी डॉनल्ड करीने जानेवारीत कॉलिन जोन्सला आणि डिसेंबरमध्ये मिल्टन मॅक्रोरीला हरवून वेल्टरवेट गट एकहाती केला. मासिकाने पुरस्कार दोघांत वाटून टाकला. मला ती पळवाट वाटते. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, शुगर रे लेनर्डने निवृत्तीतून परत येऊन त्याच हॅग्लरला हरवले. त्या वर्षीची ती त्याची एकमेव लढत. मान मात्र गेला क्रूझरवेट गटात वर्षभर राबून पट्टे एकत्र करणाऱ्या इव्हॅन्डर होलीफील्डकडे. गंमत अशी, की लेनर्डने त्याच वर्षी पुन्हा निवृत्ती जाहीर केली. वर्षाच्या सुरुवातीला तो जिथे होता, वर्षअखेरीलाही तिथेच. आणि १९६६ तर या पुरस्काराच्या कपाळावरचा डागच. त्या वर्षी महंमद अलीने हेवीवेट विजेतेपद पाच वेळा राखले: टोरँटोत जॉर्ज चुवालो, लंडनमध्ये हेन्री कूपर आणि ब्रायन लंडन, फ्रँकफर्टमध्ये कार्ल मिल्डेनबर्गर आणि ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्स. एवढे करूनही फ्लाइशर यांच्या मासिकाने त्या वर्षी पुरस्कार कोणालाच दिला नाही, कारण युद्धभरतीला विरोध करणारा हा माणूस तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवण्याजोगा त्यांना वाटला नाही. कित्येक दशकांनी मासिकाने तो मान अलीच्या नावे केला. चारित्र्य, लोकप्रियता, थोरवी असे वर्षाबाहेरचे काहीही तराजूत टाकले की काय होते, याचा याहून मोठा पुरावा नको.

इनोउएविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप प्रतिस्पर्ध्यांविषयी आहे. स्पेन्स हा फुल्टनपेक्षा आणि टापालेसपेक्षा कितीतरी वरचा, हे मान्यच करायला हवे. टापालेसच्या नावावर तीन पराभव होते आणि इनोउए त्याला हरवणार, याविषयी सट्टेबाजांना फारशी शंका नव्हती. पण त्याच टापालेसने एप्रिलमध्ये सॅन अँटोनिओला अपराजित मुरोदजोन अखमादालिएवला हरवून आपले दोन पट्टे मिळवले होते. कोणी ते त्याच्या हातात आणून दिले नव्हते. इथे काही जण स्पेन्सकडे बोट दाखवतात: २०१९ चा मोटार अपघात, २०२१ मधली डोळ्याच्या पडद्याची दुखापत, वजन उतरवताना होणारे हाल. हा स्पेन्स आधीचा नव्हताच, म्हणून क्रॉफर्डचा विजय हलका, असा हा युक्तिवाद. इनोउएची बाजू घेतानाही मी तो वापरणार नाही. प्रतिस्पर्धी घंटा वाजण्याआधी कसा दिसत होता, त्यावरच त्याची किंमत ठरवावी. हरल्यानंतर प्रत्येक जण म्हातारा आणि जायबंदी दिसू लागतो. हाच नियम उलटही लागू होतो. फुल्टनने २०२५ मध्ये वरच्या गटात ब्रँडन फिगेरोआला हरवून पुन्हा पट्टा मिळवला, पण त्याचा लाभ २०२३ च्या इनोउएला देता येत नाही. तर स्पेन्स मोठा, हे कबूल. मोठ्या माणसाला एका रात्री हरवणे म्हणजे वर्ष, हे मात्र कबूल नाही.

दुसरा आक्षेप जास्त माणुसकीचा आहे. वर्षात एकदाच लढायला मिळाले, यात क्रॉफर्डचा काय दोष? प्रवर्तक, प्रक्षेपणाचे हक्क आणि पैशांची वाटणी यांत मोठ्या लढती वर्षानुवर्षे लटकतात. क्रॉफर्ड आणि स्पेन्स तरुण होते तेव्हाच ही लढत व्हायला हवी होती. दोष त्याचा नाही, पण श्रेयही त्याला देता येत नाही. न झालेल्या लढतींचे गुण कोणालाच मिळत नाहीत. याचा अर्थ एकदाच लढणाऱ्याचे नाव यादीतून खोडावे, असा मुळीच नाही. नुसती संख्या मोजायची तर दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर चार विजय मिळवणारा कोणीही पुढे जाईल. घरच्या मैदानाचा आक्षेप त्यामानाने लवकर निकालात निघतो. फुल्टन विजेता असून आव्हानवीराच्या गावी आला, कारण पैसा तिथे होता, आणि दोन्ही लढती नॉकआउटने संपल्यामुळे यजमानांच्या बाजूने झुकणाऱ्या कार्डांचा प्रश्नच उरला नाही. उलट पक्षपात असलाच तर तो जपानी बॉक्सरांच्या विरोधात दिसतो: फायटिंग हाराडाने १९६५ मध्ये नागोयाला तोवर अपराजित असलेल्या ब्राझीलच्या एदेर जोफ्रेला हरवले, आणि त्या वर्षीचा ‘द रिंग’चा मान डिक टायगरला गेला. वजनगटाविषयी मात्र थोडे थांबायला हवे. चार पौंड, म्हणजे दोन किलोंहून कमी, ही काय मोठी उडी, असे विचारले जाते. पण हलक्या गटांत ती शरीराच्या तीन टक्क्यांहून अधिक असते, आणि समोरचा माणूस त्या वजनात मुरलेला असतो. १४७ पौंडांतला क्रॉफर्ड त्या वर्षी स्वतःच्याच घरात लढत होता.

हीच फूटपट्टी २०२५ मध्ये उलटी फिरली, आणि ती फिरली म्हणूनच मला तिच्यावर भरवसा आहे. १३ सप्टेंबरला लास व्हेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर क्रॉफर्डने कानेलो अल्वारेझला गुणांवर हरवून १६८ पौंडांचे चारही पट्टे घेतले. त्यानंतर काही तासांतच, जपानमध्ये १४ तारीख असताना, इनोउएने नागोयाला अखमादालिएववर गुणांवर मात केली. इनोउएची ही वर्षातली तिसरी लढत होती. जानेवारीत त्याने किम ये-जून या ऐनवेळी उभ्या राहिलेल्या बदली प्रतिस्पर्ध्याला हरवले, मेमध्ये रॅमन कार्डेनासने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडले तरी इनोउएने आठव्या फेरीत कार्डेनासला संपवले, आणि सप्टेंबरात हा विजय. अखमादालिएव खरोखर कठीण होता. तरीही जानेवारीतले चार पट्टे सप्टेंबरात तेच चार होते, गटही तोच. क्रॉफर्ड मात्र १५४ पौंडांवरून मधला १६० चा गट ओलांडून थेट १६८ वर गेला, चौदा पौंड म्हणजे जवळजवळ नऊ टक्के, तेही अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. समोर त्या गटाचा निर्विवाद विजेता होता आणि सट्टेबाजांचा कौलही थोडा त्याच्याच बाजूचा होता. कानेलो उतरणीला लागला होता, असे आता म्हटले जाते. स्पेन्सबद्दल तेच म्हटले गेले होते आणि उत्तरही तेच. हेवीवेट गटात ओलेक्सांद्र उसिकने जुलैमध्ये वेम्बलीवर डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत बाद केले, हे विसरून चालणार नाही, पण वर्षाच्या आरंभी तीन पट्टे असलेल्या उसिकने त्यात चौथ्याची भर घातली. इनोउएची चौथी लढत २७ डिसेंबरला रियाधमध्ये मेक्सिकोच्या डेव्हिड पिकासोविरुद्ध ठरली होती. ती लढत त्याने पहिल्या फेरीत जिंकली असती, तरी माझे मत क्रॉफर्डलाच राहिले असते.